सांधा तपासताना

वेल्डिंग निवलं की मी साबणाचं पाणी करतो,
ब्रशने सांध्यावर फासतो
आणि थांबतो.
पलीकडून कॉम्प्रेसर नळीत हवा दाबत राहतो.
फुगा आला, तर सांधा खोटा.
नाही आला, तरी मी शंभरपर्यंत मोजतो.
इंजिनीअर म्हणतो, साठ पुरेत.

मोआ नदीच्या अलीकडे, कोकोच्या जुन्या बागेत
हे घर उभं राहतंय.
खिडक्या आहेत, उघडायच्या नाहीत.
एक दार लागल्याशिवाय दुसरं हलत नाही.
वारा नुसता आत येणार;
बाहेर पडताना त्याला दोनदा गाळणार,
सांडपाणी शिजवणार,
माणसाला नखशिखान्त धुतल्याशिवाय सोडणार नाहीत.
मयताच्या घरून परतणाराही एवढा धूत नाही अंग.

पहिलं काँक्रीट पडलं त्या दिवशी मामी येवा आली,
कासावाची टोपली तशीच डोक्यावर.
"शाळेचं छप्पर तीन पावसाळे गळतंय
आणि तुम्ही रोगाला बंगला बांधताय?
पाहुणा गेला. त्याचं अंथरूण कशाला घालताय?"
कुणी हसलं नाही.
डॉक्टर जेनेबा सिमेंटच्या गोणीवर बसल्या,
म्हणाल्या, "मामी, तो गेलेला नाही.
तुमच्या भाताच्या कणगीत उंदीर आहेत ना?"
"उंदीर कुणाकडे नाहीत?"
"तेच म्हणतेय मी."
म्हातारी उठली. पटलं की नाही, बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी उकडलेला कासावा घेऊन आली
आणि पैसे मोजून घेतले.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं, तर बैंदूचं सांगितलं असतं.
धाकटी माझी. आधी घसा, मग चेहरा सुजला.
मलेरिया समजून गोळ्या दिल्या, मग टायफॉइड समजून.
बोटाएवढ्या नळीतलं तिचं रक्त
धुमसत्या बर्फात बसवून विमानाने धाडलं,
तिने कधी न पाहिलेल्या समुद्रापलीकडे,
आमच्यात कुणीच न सोसलेल्या थंडीत.
उत्तर आलं चाळिसाव्याच्या दिवशी.
अंगणात भाताची पातेली उतरत होती,
इमाम दुवा मागत होते,
नर्सने कुंपणापाशी कागद हातात दिला:
होय. लासा.

इतका उशिरा आलेला होकार
मी दुसरा पाहिलेला नाही.
तोवर तिला न्हाऊ घालणाऱ्या दोघींना ताप चढून गेला होता.
एक वाचली. तिला आता ऐकू येत नाही.
आई अजून तिच्याशी ओरडून बोलते,
मग गप्प होऊन हातवारे करते,
मग तेही सोडून तिच्याशेजारी भुईमूग सोलत बसते.

इथे म्हणतात, संध्याकाळपर्यंत कळेल.
कळेलही. ते डॉक्टरांचं.
आत जे ठेवणार आहेत त्याला
हात नाहीत, पाय नाहीत, भूकसुद्धा नाही म्हणे;
त्याला लागते ती फक्त फट.
फट माझ्याकडे आहे.
रात्री जेवताना भीती वाटते, ताटावर हात थांबतो.
मग आठवत बसतो:
तिसऱ्या खोलीतला डावा कोपरा, मोजले होते ना शंभर?

आज छताजवळ,
हवा बाहेर नेणारी नळी भिंतीत शिरते तिथे,
एक फुगा आला.
मोहरीएवढा. मग वाटाण्याएवढा.
त्यात अख्खी खोली वाकून मावली होती,
दिवा, शिडी, मी.
बैंदू पपईच्या पोकळ देठातून असेच सोडायची
आईचा साबण चोरून,
आणि फुटला की माझ्याकडे बघायची
जसा काही मीच फोडला.

जरा जास्तच वेळ बघत राहिलो.
खालून हाक आली, "वांदी, किती?"
"एक."
एवढ्याशाने काय होतंय, असं तो म्हणेल वाटलं होतं.
त्याने न बोलता ग्राइंडर वर दिला.

सांधा घासून काढला. पुन्हा जोडला.
निवू दिला. पाणी फासलं.
साठ होऊन गेले.
खाली सगळे जेवायला थांबलेत.
एकाहत्तर.
बहात्तर.